पॉइंट की इलेक्ट्रॉनिक इग्निशन? जुन्या गाडीच्या मालकाने निर्णयापूर्वी जाणून घ्यावे असे काही

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत बनलेल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंजिनाची ठिणगी एका साध्या यांत्रिक खटक्यावर अवलंबून असे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दोन छोटे धातूचे संपर्क उघडत आणि मिटत, हेच पॉइंट. मराठी वाचकाला ते अपरिचित नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली प्रीमियर पद्मिनी असो की अँबॅसडर, गाडी सकाळी चालू होईना की मेकॅनिक आधी टोपी उघडत असे, पॉइंट पॉलिश पेपरने घासत असे आणि फिलर गेजने फट जुळवून देत असे.

आज अमेरिकेत हौसेने जुनी मस्टँग, बीटल किंवा एमजीबी घेणाऱ्यासमोर हाच भाग पुन्हा येतो. येथे मात्र पॉइंट घासून देणारा मेकॅनिक कोपऱ्यावर नसतो. त्यामुळे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्याचा सल्ला लवकरच मिळतो. सल्ला बहुधा योग्य असतो. परंतु त्याचे यश नव्या संचापेक्षा गाडीच्या जुन्या वायरिंगवर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट अनेकदा सांगायची राहून जाते.

डेटनहून आलेली रचना

ही रचना चार्ल्स केटरिंग यांची. ओहायो राज्यातील डेटन येथे त्यांनी एडवर्ड डीड्स यांच्यासह १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन केली. तिच्या आद्याक्षरांवरून 'डेल्को' हे नाव आले. त्यांची बॅटरीवर चालणारी इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकमध्ये बसवली गेली. भारतातील अनेक गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरला आजही 'डेल्को' म्हणतात, त्या शब्दाचे मूळ हेच.

तत्त्व सोपे आहे. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरील कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. रोटर तो दाब योग्य प्लगकडे पोहोचवतो. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर संपर्कांमध्ये पडणारी ठिणगी शोषतो आणि प्रवाह झटकन तोडण्यास मदत करतो. तो निकामी झाला तर पॉइंट नवे असूनही इंजिन अडखळते किंवा बंद पडते.

पॉइंट का दगा देतात

आठ सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर पॉइंट मिनिटाला १२,००० वेळा, म्हणजे सेकंदाला २०० वेळा उघडतात. प्रत्येक वेळी सुमारे ३ ते ४ अँपिअरचा प्रवाह तुटतो आणि संपर्कांचा पृष्ठभाग थोडा जळतो. कालांतराने एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार होतो.

दुसरी झीज अधिक फसवी असते. कॅमवर घासणारा पॉइंटचा छोटा ठोकळा झिजला की फट कमी होते. पॉइंट ज्या कोनापर्यंत मिटलेले राहतात, त्याला 'ड्वेल' म्हणतात. फट कमी झाली की ड्वेल वाढतो आणि पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजेच ठिणगी उशिरा पडते. गाडी एके दिवशी अचानक बिघडत नाही. ती आठवड्यागणिक थोडी जड होत जाते आणि चालकाला त्या जडपणाची सवय होते.

कारखान्यांनी पॉइंट का सोडले

ट्रान्झिस्टरवर चालणारी, पॉइंटविरहित इग्निशन पाँटिअ‍ॅकने १९६३ च्या मॉडेलांवर पर्याय म्हणून दिली होती. तिचा सर्रास वापर मात्र प्रदूषणाच्या नियमांमुळे झाला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर इंजिनाचा धूर गाडी जुनी होत गेली तरी मर्यादेत राहणे आवश्यक ठरले. झिजत जाणाऱ्या पॉइंटना ते पेलणारे नव्हते. क्रायस्लरने १९७३ च्या मॉडेलांपासून आपल्या अमेरिकी गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिली. जनरल मोटर्सने १९७५ मध्ये तेच केले. त्याच वर्षी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही सार्वत्रिक झाले. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला अतितप्त करते, म्हणून अचूक ठिणगी ही चैन न राहता गरज बनली.

रूपांतरात नेमके काय बदलते

सर्वांत प्रचलित संचांमध्ये पर्ट्रॉनिक्स कंपनीच्या 'इग्निटर'चा समावेश होतो. त्यात पॉइंट आणि कंडेन्सरच्या जागी एक छोटे मॉड्यूल बसते आणि कॅमवर चुंबकांचे कडे चढते. चुंबक समोरून गेला की मॉड्यूलमधील हॉल सेन्सर त्याची नोंद घेतो आणि ट्रान्झिस्टर कॉइलचा प्रवाह तोडतो. ब्रिटिश गाड्यांत परिचित असलेली ल्युमिनिशन प्रणाली चुंबकाऐवजी अवरक्त प्रकाशाचा वापर करते. तिसरा मार्गही आहे: पॉइंट तसेच ठेवून मोठा प्रवाह ट्रान्झिस्टरकडे सोपवायचा. पॉइंटमधून मग अत्यल्प प्रवाह जातो, ते जळत नाहीत. ठोकळ्याची झीज मात्र चालूच राहते.

डिस्ट्रिब्युटरचा उरलेला भाग बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे. वेगानुसार ठिणगी पुढे सरकवणारी वजने, त्यांच्या स्प्रिंगा, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स, बुश, टोपी आणि रोटर सारे जुनेच राहतात. दांडा हाताने बाजूला ढकलल्यावर स्पष्ट हलत असेल किंवा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा पडदा फाटलेला असेल, तर आधी त्याची दुरुस्ती हवी. चांगले मॉड्यूल खिळखिळ्या डिस्ट्रिब्युटरला वाचवू शकत नाही.

खरेदीपूर्वीची मोजमापे

पहिला प्रश्न व्होल्टेज आणि अर्थचा. शेव्हरोलेने १९५५ च्या, तर फोर्डने १९५६ च्या मॉडेलांपासून १२ व्होल्ट स्वीकारले. त्यापूर्वीच्या या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बीटलला १२ व्होल्ट १९६७ च्या मॉडेलपासून मिळाले. सुरुवातीच्या एमजीबीसह अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. चुकीच्या ध्रुवतेचा संच जोडल्यास तो क्षणात जळू शकतो.

दुसरा प्रश्न बॅलास्ट रोधाचा, आणि बहुतेक अपयशांचे कारण येथे सापडते. १२ व्होल्टच्या अनेक अमेरिकी गाड्यांत पॉइंट जळू नयेत म्हणून कॉइलपूर्वी रोध बसवलेला असतो. त्यामुळे इंजिन चालू असताना कॉइलला सुमारे ६ ते ९ व्होल्टच मिळतात. स्टार्टर फिरताना तेवढा वेळ पूर्ण दाब दिला जातो. हा रोध प्रत्येक वेळी डोळ्यांना दिसतो असे नाही. जुन्या मस्टँगमध्ये तो डॅशबोर्डमागील गुलाबी रोध-वायरच्या रूपात लपलेला असतो.

तपासणी मल्टिमीटरने होते. पॉइंट मिटलेल्या स्थितीत चावी चालू करावी आणि कॉइलच्या धन टोकावरील व्होल्टेज पाहावे. पॉइंट उघडे असतील तर प्रवाहच वाहत नाही आणि रोध असूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो. या एका चुकीमुळे अनेकांची दिशाभूल होते. मोजमाप ६ ते ९ व्होल्ट आले तर मॉड्यूलचा पुरवठा रोधाच्या आधीच्या, चावीवर चालू-बंद होणाऱ्या जागेवरून घ्यावा.

तिसरे मोजमाप कॉइलचा प्राथमिक रोध. साध्या संचांसाठी चार व सहा सिलिंडरला सुमारे ३ ओहम, तर आठ सिलिंडरला सुमारे १.५ ओहमपेक्षा कमी रोध चालत नाही. अंतिम शब्द संचाच्या माहितीपत्रकाचा. कमी रोधाची कॉइल अधिक प्रवाह ओढते आणि मॉड्यूल तापून निकामी होते. तांब्याच्या सलग तारेच्या प्लग वायर असतील तर त्या बदलाव्यात. त्यांच्यामुळे होणारा विद्युत गोंगाट मॉड्यूलला त्रास देतो.

बसवण्याचा क्रम

प्रत्यक्ष काम तासाभराचे आहे. बॅटरीची अर्थ वायर सोडवावी. टोपीवरील वायरींचे छायाचित्र घ्यावे. पॉइंट आणि कंडेन्सर काढून मॉड्यूल बसवावे, चुंबकांचे कडे पूर्ण खाली दाबावे आणि माहितीपत्रकात अंतर दिले असेल तर ते तपासावे. आतील वायर रोटरला किंवा हलणाऱ्या पट्टीला घासू नयेत. इग्निटरची लाल वायर पुरवठ्याला आणि काळी कॉइलच्या ऋण टोकाला जाते.

यानंतर टायमिंग पुन्हा जुळवणे अपरिहार्य आहे. मॉड्यूलचा ठिणगी देण्याचा क्षण पॉइंटच्या क्षणाशी तंतोतंत जुळत नाही. गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, बहुधा व्हॅक्यूमची नळी काढून व बंद करून, टायमिंग लाइटने खूण पाहावी. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकण्याची सवय मात्र सोडावी. साध्या मॉड्यूलला आणि कॉइलला ती घातक ठरते.

काय मिळते, काय मिळत नाही

नीट जुळवलेल्या पॉइंटच्या तुलनेत इंजिनाची ताकद लक्षणीय वाढत नाही. मिळते ते सातत्य: थंडीत सहज सुरू होणे, स्थिर आयडलिंग आणि हजारो मैल न बदलणारे टायमिंग. महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीच्या पॉइंटवर गंज धरतो; मॉड्यूलला ती चिंता नाही.

कायद्याची अडचणही फारशी नाही. कॅलिफोर्नियात १९७५ व त्यापूर्वीच्या मॉडेलांच्या पेट्रोल गाड्यांना नियतकालिक स्मॉग तपासणीतून सूट आहे. इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. मूळ स्वरूपाला गुण देणाऱ्या प्रदर्शनात मात्र जाणकार परीक्षक फरक ओळखतो. टोपीखालचे मॉड्यूल दिसत नसले, तरी डिस्ट्रिब्युटरमधून एका वायरऐवजी दोन बाहेर आलेल्या दिसतात.

खरा फरक बिघाडाच्या स्वभावात आहे. पॉइंट बहुधा आधी सूचना देतात आणि रस्त्याच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरने पुन्हा चालते होतात. मॉड्यूल वर्षानुवर्षे काहीच मागत नाही. बंद पडते तेव्हा अनेकदा अचानक पडते आणि त्याची दुरुस्ती होत नाही. सुदैवाने हे रूपांतर उलटवता येते. काढलेले पॉइंट, कंडेन्सर, त्यांचे स्क्रू, एक फिलर गेज आणि मूळ वायरिंगची आकृती एका डब्यात घालून गाडीच्या डिकीत ठेवावी. आंतरराज्य महामार्गावर, घरापासून दोनशे मैलांवर मॉड्यूल बंद पडले, तर तो डबा आणि अर्ध्या तासाचे काम टो ट्रकचा खर्च वाचवू शकते.