मुक्त सॉफ्टवेअरच्या याद्या कशा घडल्या?



गटाच्या हिशेबाची वही कुणाची? आपण सगळ्याजणी सांगू, गटाची. पण तोच हिशेब संगणकावर किंवा मोबाईलवर चढवला, की तो ज्या सॉफ्टवेअरमध्ये असतो त्याचा मालक वेगळा असतो. त्यानं उद्या भाडं वाढवलं किंवा दुकान बंद केलं, तर आपली वही उघडायची कशी? या काळजीतूनच एक चळवळ उभी राहिली. आज तिचा इतिहास ऐकूया.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना. माणसाला वाचता येतील अशा रूपात त्या लिहिलेल्या असतात, त्याला सोर्स कोड म्हणतात. तो हाती असला तरच सॉफ्टवेअर नीट समजून घेता येतं, बदलता येतं.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की संगणकावर निरोप यावा, अशी सोय त्यांनी केली होती. मग नवा प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड मिळेना. ज्याच्याकडे तो होता, त्यानं गुप्त ठेवण्याचा करार केला होता. त्यामुळे प्रिंटर समोर असूनही त्यात सुधारणा करता येईना.

सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: सॉफ्टवेअर कशासाठीही वापरता यावं, आतून बघून बदलता यावं, दुसऱ्याला देता यावं आणि सुधारलेलंही वाटता यावं. घरच्या बियाण्यासारखंच हे. पेरा, निवडून जपा, शेजारणीला ओंजळभर द्या.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, म्हणून तिकडे फार गोंधळ झाला. आपल्याकडे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे शब्दच वेगळे आहेत. स्टॉलमन स्वतः आपलं ‘ईमॅक्स’ हे सॉफ्टवेअर टेपवर भरून १५० डॉलरला विकत. पैसे घेतले तरी ते मुक्तच होतं. उलट मोबाईलवर फुकट मिळणारी कितीतरी ॲप मुक्त नसतात.

१९९१ मध्ये फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यानं लिनक्सची सुरुवात केली. इंटरनेट पसरत गेलं तशी गावोगावची, देशोदेशीची माणसं सॉफ्टवेअर लिहून वाटू लागली. आता अडचण दुसरीच आली. एवढ्या ढिगातून हवं ते शोधायचं कसं, आणि ते खरंच मुक्त आहे हे ओळखायचं कसं?

मग याद्या तयार झाल्या. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनच्या स्वयंसेवकांनी सॉफ्टवेअर निवडून, तपासून एका ठिकाणी ठेवलं. १९९७ मध्ये ‘फ्रेशमीट’ आलं, त्यावर नव्या सॉफ्टवेअरची खबर मिळे. १९९९ मध्ये ‘सोर्सफोर्ज’ने हजारो प्रकल्पांना जागा दिली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेही स्वतःची निर्देशिका केली आणि पुढे युनेस्कोने तिला साथ दिली. तिथे प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना माणसं वाचून तपासतात.

पण नावाजलेली यादी कायम चांगली राहतेच असं नाही. २०१३ पासून सोर्सफोर्जवर काही सॉफ्टवेअरसोबत जाहिरातीचे नको ते प्रोग्रॅम जोडून येऊ लागले. ‘गिंप’ या चित्रांच्या सॉफ्टवेअरवरून २०१५ मध्ये मोठा गदारोळ झाला. २०१६ मध्ये मालक बदलले आणि नव्या मालकांनी तो प्रकार बंद केला. बाजार जुना असला तरी माल पारखूनच घ्यावा लागतो.

मोबाईलसाठी २०१० मध्ये ‘एफ-ड्रॉइड’ ही यादी सुरू झाली. तिथे फक्त मुक्त ॲप असतात. एखादं ॲप जाहिराती दाखवत असेल किंवा आपल्यावर पाळत ठेवत असेल, तर तसा इशारा तिथे लिहिलेला असतो.

मुक्त असण्याचा फायदा काय, हे २०१० मध्येच दिसलं. ‘ओपनऑफिस’ ज्या कंपनीकडे होतं ती दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. काम करणाऱ्यांना पुढची खात्री वाटेना. सोर्स कोड खुला होता, म्हणून त्यांनी तो घेऊन ‘लिबरऑफिस’ उभं केलं. मालक बदलला तरी लोकांचं काम थांबलं नाही. लिबरऑफिस आज मराठीतही मिळतं आणि त्यातल्या ‘कॅल्क’मध्ये गटाचा जमाखर्च मांडता येतो.

तेव्हा सख्यांनो, गटासाठी सॉफ्टवेअर घेताना चार गोष्टी विचारूया. परवाना कोणता? शेवटची सुधारणा कधी झाली? ॲप असेल तर ते फोनमधलं काय काय मागतं? आणि आपला हिशेब त्यातून बाहेर काढून दुसरीकडे नेता येतो का? हिशेबाच्या ॲपला आपले फोटो आणि फोन नंबर कशाला हवेत, असं खुशाल विचारावं. निरोपातून आलेल्या अनोळखी लिंकवरून काही घेऊ नये. सॉफ्टवेअरच्या मूळ ठिकाणाहून किंवा तपासलेल्या यादीतूनच घ्यावं.

पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवूया. पै पै करून जमवलेल्या पैशाचा हिशेब आपल्याच हाती राहायला हवा.