घाट उतरून गेलेल्या, घाट चढून आलेल्या



मागच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, हप्ते वहीत चढले आणि मग नेहमीसारख्या गप्पा सुरू झाल्या. गटातल्या एका ताईंच्या मुलीला परदेशात नर्सचं काम मिळण्याची शक्यता आहे. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. विमानाचं भाडं किती, राहणार कुठे, खाणार काय? कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी मात्र वेगळंच विचारलं, "अगं, जाईल ती. परत आल्यावर काय?"

आजींचा हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. म्हणून आज जुन्या काळात समुद्र ओलांडून गेलेल्या आणि परत आलेल्या बायकांविषयी बोलू. आणि त्याची सुरुवात खंडाळ्यापासूनच करावी लागेल.

आपल्या घाटातल्या रेल्वेचं काम 1856 साली सुरू झालं. पहिल्या कंत्राटदाराला ते पुरं करता आलं नाही. मजुरांच्या पैशांवरून दंगाही झाला. मग 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचे कंत्राटदार आणि त्यांची बायको अ‍ॅलिस विलायतेहून समुद्रमार्गे मुंबईला आले. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता, म्हणजे प्रवास किती लांबचा असेल बघा. आणि मुंबईत उतरून काही आठवडे होतात न होतात तोच सॉलोमन आजारी पडून वारले.

आता अ‍ॅलिसबाईंनी काय करावं? परका मुलुख, नवरा गेलेला, डोक्यावर एवढं मोठं कंत्राट. पुढच्या बोटीने त्या माहेरी गेल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण बाईंनी कंत्राट स्वतःकडे घेतलं. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी इंजिनिअरांवर त्यांनी काम सोपवलं आणि ते पुरं करून घेतलं. जवळजवळ पंधरा मैलांची चढण, 1,831 फूट उंची, 25 बोगदे. 1863 साली घाटातून गाडी सुरू झाली.

हे सांगताना एक गोष्ट आम्हाला टोचते. कामाच्या भरात या घाटात 40,000 च्या वर माणसं राबत होती. त्यांत बायका होत्या, पोरं होती. बायका डोक्यावर माती आणि दगडाच्या पाट्या वाहत होत्या. पटकी आली की तळच्या तळ ओस पडायचे. हजारो माणसं इथेच गेली. अ‍ॅलिसबाईंचं नाव इतिहासात आलं, ते यायलाच हवं होतं. पाट्या वाहणाऱ्या बायकांचं कुठल्या दगडावर कोरलेलं नाही.

तर अशी ही वाट झाली. पुण्याहून मुंबईच्या बंदरावर जायचं तर रेल्वेने याच घाटातून उतरायचं. तेव्हा घाटात मध्येच गाडी थांबायची, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट दिशेने निघायची. 1929 पर्यंत हे असंच चालत होतं.

या वाटेने 1883 सालच्या एप्रिलमध्ये पंडिता रमाबाई उतरल्या. वय पंचविशीच्या आसपास, बरोबर दोन वर्षांची मुलगी मनोरमा, घरात म्हणायचे मनू. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेलेले. भाऊ गेलेला. लग्न जातीबाहेर, बंगालमधल्या बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी झालेलं, तेही दोन वर्षांच्या आत पटकीने गेले. संस्कृतमध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिलेली बाई, पण घर म्हणावं असं काही उरलेलं नाही. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. डॉक्टरकी शिकायला विलायतेला जायचं ठरवलं. भाड्याचे पैसे कुठून आणले? 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, ते विकलं आणि त्यातून तिकीट काढलं.

त्याच महिन्यात तिकडे कलकत्त्याच्या बंदरातून दुसरी एक मराठी मुलगी बोटीवर चढत होती. आनंदीबाई जोशी, कल्याणच्या. वय अठरा. पोस्टात नोकरी करणारे नवरे गोपाळराव यांच्याबरोबर गावोगाव बदल्या झाल्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, तेव्हापासून डॉक्टर व्हायचं मनात होतं. निघण्याआधी श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येऊन इथे राहीन, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी बहिष्कार टाकला तर, असं विचारणाऱ्यांना त्यांनी आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं.

कारण तेव्हा समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडणं. पुरुष जाऊन आला तरी प्रायश्चित्त घ्यायला लावायचे, पंगतीतून उठवायचे. बाईची तर गोष्टच सोडा.

गोपाळराव आनंदीबाईंबरोबर गेले नाहीत, मागाहून गेले. या माणसाला शाबासकी द्यावी की त्यांचा राग धरावा, आमचं अजून ठरलेलं नाही. बायकोने शिकावं म्हणून त्या काळात सगळ्या जगाशी भांडले, हे खरं. आणि अभ्यासासाठी त्या लहान मुलीला मारलं, परदेशात असताना टोचणारी पत्रं लिहिली, हेही खरं.

आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकल्या. थंडी, अर्धपोटी जेवण, खोकला. 11 मार्च 1886 ला पदवी मिळाली. त्या समारंभाला समोर कोण बसलं होतं? विलायतेहून मुद्दाम बोटीने आलेल्या रमाबाई, मनूला घेऊन. एकाच महिन्यात देशाच्या दोन टोकांहून निघालेल्या दोघी तिथे भेटल्या. दूरच्या नात्यातल्याही होत्या त्या.

कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या विभागाची जागा देऊ केली होती. ऑक्टोबर 1886 मध्ये नवराबायको परत निघाले. नोव्हेंबरमध्ये मुंबई आली. पण आनंदीबाईंना क्षयाने पोखरलं होतं. बोटीवरून उतरल्या त्या आजारीच. उपचारासाठी त्यांना पुण्याला आणलं, म्हणजे याच घाटातून गाडी वर चढली. आम्ही खंडाळ्याच्या फलाटावर उभ्या राहतो तेव्हा कधीकधी मनात येतं, त्या थंडीत तिने खिडकीबाहेर पाहिलं असेल का? 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. कोल्हापूरच्या त्या खुर्चीवर एक दिवसही बसता आलं नाही. त्यांची रक्षा अमेरिकेत त्यांना मुलीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे गेली, ती तिथल्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे.

रमाबाईंचं परत येणं निराळं. विलायतेत त्या वाँटेज इथे सिस्टरांच्या मठात राहिल्या. तिथे सप्टेंबर 1883 मध्ये मायलेकींनी ख्रिस्ती धर्म घेतला. ऐकू कमी येऊ लागल्याने डॉक्टर होणं राहून गेलं. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्या, संस्कृत शिकवलं. शाकाहार मात्र सोडला नाही. सिस्टर जेराल्डिन यांना त्या 'आजीबाई' म्हणत, पण आजीबाईंनी सांगितलं म्हणून सगळं मुकाट मानायचं, हे त्यांनी कधी केलं नाही. कितीतरी पत्रांत दोघींचा वाद आहे. माझी सदसद्विवेकबुद्धी माझी, असं त्या ठणकावून लिहीत.

अमेरिकेला त्या आनंदीबाईंच्या पदवीदानाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. गावोगाव भाषणं चालली होती. मनूला त्यांनी वाँटेजच्या सिस्टरांकडे परत पाठवलं आणि पत्रं लिहीत राहिल्या. पाचसहा वर्षांच्या लेकीला दूर ठेवून दुसऱ्यांच्या लेकींसाठी पैसे जमवायचे. आपल्यातल्या ज्यांनी पोर आजीकडे ठेवून साखर कारखान्याची किंवा शहरातली वाट धरली, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

आता ऐका, आपल्या कामाची गोष्ट. रमाबाईंनी 1887 साली इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांविषयी पुस्तक लिहिलं, आपल्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या स्मृतीला अर्पण केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. गावोगावच्या बायकांची मंडळं निघाली, त्यांना रमाबाई सर्कल म्हणत. प्रत्येकीने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, तोही दहा वर्षं. काय करायचं होतं त्या पैशाचं? हिंदुस्थानात विधवा मुलींसाठी शाळा काढायची. थेंबाथेंबाने जमवायचं, ठरलेल्या दिवशी द्यायचं, नाव वहीत लिहायचं. आपल्या गटाला हे नवं नाही. नवं आहे ते हे, की आपल्यासारखी थोडीथोडी रक्कम साताऱ्याच्या की सोलापूरच्या कधी न पाहिलेल्या मुलीसाठी सातासमुद्रापलीकडच्या बायका टाकत होत्या, आणि ते पैसे त्यांच्याकडून काढून घ्यायला एक मराठी बाई गावोगाव फिरत होती.

फेब्रुवारी 1889 मध्ये जपानमार्गे रमाबाई मुंबईला आल्या. म्हणजे पृथ्वीला फेरीच झाली. विसावा घेतला नाही. 11 मार्चला मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी, पुढे त्याच धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या, बाया कर्वे. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. मुली, भांडी, पुस्तकं, सगळं बाडबिस्तर घेऊन घाट चढून.

इथे आजींच्या प्रश्नाचं उत्तर येतं, आणि ते गोड नाही. पहिल्यांदा पुण्याने त्यांना जवळ केलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. रमाबाईंनी वचन दिलं होतं की कुणाच्या धर्मात हात घालणार नाही. मुली आपापले सोवळेओवळे पाळत. पण त्यांची स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून चाले आणि मुली डोकावत, बसत. 1893 साली यावरून गदारोळ झाला. 'केसरी'ने झोड उठवली. सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. आम्हाला विचाराल तर दोन्ही बाजूंना भीती खरी होती. आईबापांना वाटत होतं की मुलगी धर्मातून जाईल. रमाबाईंना वाटत होतं की दार लावून प्रार्थना करायची तर मी खोटी ठरते. पण एक गोष्ट कुणी फारशी मोजली नाही. परत नेलेल्या त्या विधवा मुलींना घरी गेल्यावर काय वाट्याला आलं, ते.

रमाबाई गप्प बसल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलीबाळी घेऊन आल्या. लहानपणी स्वतः असल्याच दुष्काळात पानं खाऊन राहिलेली बाई ती. पुण्यात प्लेग होता, म्हणून सगळ्यांना दौंडच्या वाटेवर केडगावला नेलं. तिथे मुक्ती सदन झालं. विहिरी खणल्या, शेती केली. विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवत. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. केडगावचं काम आजही आहे.

हे सगळं आम्ही आजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि ती लेक? मनू?"

मनू आठ वर्षांची होत होती तेव्हा मायलेकी पुन्हा मायदेशी एकत्र आल्या. जन्म आसामातल्या सिल्चरला, बालपण सिस्टरांच्या अंगणात आणि बोटींवर, आणि आता पुणं. पुढे शिकायला ती पुन्हा परदेशी जाऊन आली. आईच्या शाळा तिने चालवल्या, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. रमाबाईंचा सगळा भरवसा तिच्यावर होता, आपल्यामागे केडगाव हीच बघेल असा. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, 5 एप्रिल 1922 ला, केडगावला रमाबाई गेल्या.