पेलेला खेळवू नका असा सल्ला मिळूनही त्याला मैदानात उतरवणारे कोच : व्हिसेंते फिओला

पेले आणि गारिंचा ही नावं फुटबॉल न बघणाऱ्यांनीही ऐकलेली असतात. पण या दोघांना वर्ल्डकपमध्ये पहिल्यांदा एकत्र खेळवणारे कोच व्हिसेंते फिओला मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत.

फिओलांचा जन्म 1909 मध्ये साओ पावलोचा. तिथल्याच साओ पावलो क्लबला त्यांनी 1948 आणि 1949 मध्ये राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं. 1957 मध्ये याच क्लबमध्ये हंगेरीचे कोच बेला गुटमन आले. बचावात चार, मध्ये दोन आणि पुढे चार खेळाडू, म्हणजेच 4-2-4 ही त्यांची पद्धत फिओलांनी जवळून पाहिली.

1958 मध्ये फिओला ब्राझीलचे कोच झाले. आठ वर्षांपूर्वी घरच्या मैदानावर उरुग्वेकडून हरून वर्ल्डकप गमावल्याचं दुःख देश विसरला नव्हता. यावेळी टीमसोबत मानसशास्त्रज्ञही होते. पेलेनेच पुढे सांगितल्याप्रमाणे, 17 वर्षांचा पेले अजून पोरकट आहे आणि गारिंचाही अशा दबावाच्या मॅचसाठी योग्य नाही, असं त्या मानसशास्त्रज्ञांचं मत पडलं. फिओलांनी ते शांतपणे ऐकलं आणि बाजूला ठेवलं. पेलेचा दुखावलेला गुडघा बरा झाला की तो खेळणार, हे त्यांनी ठरवलं होतं.

स्वीडनमध्ये दुसरी मॅच इंग्लंडशी 0-0 बरोबरीत सुटली. तिसऱ्या मॅचला सोव्हिएत युनियनविरुद्ध दोघंही उतरले आणि ब्राझील 2-0 ने जिंकलं. पेलेने वेल्सविरुद्ध एकमेव गोल केला, सेमीफायनलला फ्रान्सविरुद्ध हॅटट्रिक आणि फायनलला दोन गोल. 29 जूनला यजमान स्वीडनला 5-2 ने हरवून ब्राझीलने पहिला वर्ल्डकप उचलला.

1962 ला आजारपणामुळे फिओलांची जागा आयमोरे मोरेरा यांनी घेतली आणि ब्राझील पुन्हा जिंकलं. 1966 ला फिओला परतले, पण यावेळी गणित चुकलं. हंगेरीकडून 3-1 ने हरल्यावर त्यांनी पोर्तुगालविरुद्ध तब्बल नऊ खेळाडू बदलले. निकाल पुन्हा तोच, 1-3. ब्राझील पहिल्याच फेरीत बाहेर पडलं.

1958 ला फिओला आपल्या खेळाडूंवर ठाम राहिले होते. 1966 ला त्यांची टीम शेवटपर्यंत ठरलीच नाही. 1975 मध्ये साओ पावलोतच त्यांचं निधन झालं.

पण पेले आणि गारिंचा ज्या ज्या मॅचमध्ये एकत्र खेळले, त्यातली एकही ब्राझील कधीच हरलं नाही.