वजनाची घट: काटा, टक्का आणि नोंद

मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की दहा-पंधरा खाटांचे खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतले नर्सिंग होम वेगळे. तेथे माणूस महिनोन्महिने, पुष्कळदा अखेरपर्यंत राहतो; म्हणून त्याला रुग्ण न म्हणता रहिवासी म्हणतात. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनांची मान्यता असलेल्या संस्थांनी प्रत्येक रहिवाशाचे ठरावीक मुदतीने सर्वांगीण मूल्यमापन करावे, हे बंधन १९८७च्या संघीय सुधारणा कायद्याने घातले. त्यासाठीचा तक्ता म्हणजे ‘मिनिमम डेटा सेट’, म्हणजेच एमडीएस. त्याची ३.० आवृत्ती ऑक्टोबर २०१० पासून लागू आहे. या तक्त्याच्या ‘के’ विभागात गिळणे आणि पोषण येते, आणि तिथेच वजन घटल्याची नोंद होते. नोंद एका चौकटीत एका अंकाने करायची असते. तो एक अंक खरा ठरण्यासाठी किती गोष्टी आधी जागच्या जागी असाव्या लागतात, ते पाहण्यासारखे आहे.

वजनातला बदल काटा दाखवत नाही. काटा आजचे वजन दाखवतो. बदल दोन वजनांच्या तुलनेतून निघतो. नियम असा: आजच्या वजनाची तुलना सुमारे ३० दिवसांपूर्वीच्या आणि सुमारे १८० दिवसांपूर्वीच्या वजनाशी करायची. महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वा त्याहून अधिक घट असेल, तर ती नोंदवायची. गणित सोपे आहे. जुन्या वजनाला ०.९५ने (सहा महिन्यांसाठी ०.९०ने) गुणावे; आजचे वजन त्या गुणाकाराइतके किंवा कमी भरले की घट लक्षणीय. पौंडात मोजा वा किलोत, टक्का तोच.

खरी अडचण गणिताच्या आधी आहे. दोन्ही वजने एकाच रीतीने घेतलेली हवीत: सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, पायांत जोडे नसताना. चाकाच्या खुर्चीसकट वजन करत असतील, तर खुर्चीचे वजन वजा करायचे. आणि मागच्या महिन्यात खुर्चीला नसलेल्या पायपट्ट्या या महिन्यात असतील, तर तेवढे पौंड बिचाऱ्या रहिवाशाच्या अंगावर चढतात. शिवाय हिशेबाआधी वजन पूर्णांकात आणावे लागते. १५० पौंडांचा माणूस १४२.५वर आला, तर घट बरोबर ५ टक्के, पण १४२.५चे १४३ होतात आणि चौकटीत घट उमटत नाही. नियमाने वागणाऱ्याची यात चूक नाही. फक्त एवढे ध्यानात ठेवावे, की सीमारेषेवरचा माणूस सीमेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे कधीकधी अर्धा पौंड ठरवतो.

आता अंक. घट नसेल तर ०. घट आहे आणि ती डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वजन उतरवण्याच्या उपचाराखाली झाली असेल तर १. तसे नसेल तर २. माझ्या मते या तक्त्यातली सर्वांत दुबळी जागा ० हीच आहे. कारण ‘घट नाही’ आणि ‘माहीत नाही’ या दोहोंसाठी तोच अंक आहे. ज्याच्याकडे कुणी काळजीने पाहिले आणि ज्याच्याकडे पाहिलेच नाही, असे दोघे एकाच अंकात जमा होतात. म्हणून नव्याने आलेल्या रहिवाशाचे जुने वजन शोधण्यासाठी झटले पाहिजे. त्याला स्वतःला विचारावे, मुलाला-सुनेला विचारावे, पाठवणाऱ्या रुग्णालयाचे कागद चाळावेत.

१ या अंकाबाबतही सावध राहावे. त्यामागे हेतू लागतो. कमी उष्मांकाचा आहार डॉक्टरांनी लिहून दिला आणि वजन कमी करणे हे काळजी-आराखड्याचे उद्दिष्ट होते, तर १. अंगातले साचलेले पाणी औषधाने ठरवून काढले, तरी १. आधी माणूस वाळला आणि मग ‘बरेच झाले, जाडच होता’ असे कुणी म्हणाले, तर तो १ होत नाही.

पाण्याचा उल्लेख आला आहे तर थोडे थांबू. हृदय दुबळे झालेल्या माणसाच्या पायांवर सूज चढते आणि काटा वर जातो. त्याच वेळी दंडाचे, मांडीचे मांस झडत असेल, तर सूज ती झीज झाकून टाकते. काटा स्थिर दिसतो, माणूस मात्र खंगतो. उलट सूज उतरली की चार दिवसांत वजन कोसळते, आणि ती घट उपासमारीची नसते. म्हणून वजनाच्या आकड्याशेजारी सुजेची नोंद नसेल, तर तो आकडा वाचताच येत नाही. पाय कापावा लागलेल्या रहिवाशाचा हिशेब तर आणखी वेगळा. १३० पौंडांच्या बाईंचा गुडघ्याखालचा पाय गेला आणि वजन १०२ भरले, तर त्या पायाचे, म्हणजे सुमारे ६ टक्के किंवा ८ पौंड, परत मिळवायचे. ११० होतात. १३०च्या ९५ टक्के १२३.५, म्हणजे पाय सोडूनही बाई २० पौंडांनी वाळल्या आहेत. शस्त्रक्रियेच्या नावाखाली ही घट खपवता येत नाही.

दोन टोकांच्या तुलनेत मधला काळ निसटतो. समजा, एखाद्या आजोबांचे वजन पहिले तीन महिने १४० पौंड होते. मग दर महिन्याला १३६, १३२, १२८ असे उतरले. महिन्याची घट दर वेळी ३ टक्क्यांच्या आसपास. सहा महिन्यांचा उंबरठा १२६, आणि आजोबा १२८. चौकटीत ० येतो. प्रत्यक्षात तीन महिन्यांत साडेआठ टक्के वजन गेलेले असते. तपासणी करणाऱ्या सरकारी पथकांसाठीच्या मार्गदर्शनात तीन महिन्यांचा ७.५ टक्क्यांचा निकष आहे. तक्त्यात तो नाही. त्यामुळे केवळ तक्त्याच्या मुदतीला जागे होणाऱ्या संस्थेला हे आजोबा दिसत नाहीत. ज्या संस्थेत दाखल झाल्यावर पहिले चार आठवडे दर आठवड्याला आणि पुढे दरमहा वजन घेतात आणि कुणीतरी ते आकडे एकाखाली एक मांडून वाचते, तिला ते १३२वरच दिसतात.

चौकटीत १ किंवा २ पडला की रहिवाशाच्या पोषणाचे स्वतंत्र परीक्षण करावे लागते, आणि कारणाची नोंद तिथे हवी. ‘जेवण कमी’ एवढ्याने काही कळत नाही. कवळी सैल झाली? ठसका लागतो म्हणून घास तोंडातच राहतो? नव्या गोळीने तोंडाची चव गेली? स्मृतिभ्रंशामुळे ताट पुढे असूनही जेवायचे सुचत नाही? की भरवणाऱ्या हातांना सहा ताटे आहेत आणि एखादी बाई एका घासाला दोन मिनिटे घेते? शेवटचे कारण नोंदीत क्वचित उतरते, कारण ते लिहिणे म्हणजे आपल्याच संस्थेकडे बोट दाखवणे. पण औषध बदलून, कवळी बसवून किंवा पेज दाट करून जी घट थांबत नाही, ती पुष्कळदा शेजारी बसायला एक माणूस मिळाला की थांबते.

आणि ज्याला काट्यावर नेणेच क्रूर ठरेल, हाडे इतकी ठिसूळ की उचलताना मोडतील, त्याचे वजन घेऊ नये. नियमही तेच सांगतो: वजनाच्या जागी आडवी रेघ ओढावी आणि का घेतले नाही, ते कागदपत्रांत लिहावे.