बृहदांत्रशोथातील कोशिकाबदल व कर्करोग

बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) अस्तरास दाहयुक्त सूज आली म्हणजे झीज भरून काढताना त्यातील कोशिकांचे स्वरूप पालटते. हे निरुपद्रवी बदल सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पूर्वावस्थेसारखे दिसू शकतात. कर्करोग ओळखता न आल्यास रोगी दगावतो. उलट साध्या बदलास कर्करोग समजल्यास आतडे विनाकारण काढले जाते. म्हणून हा भेद विकृतिविज्ञानात महत्त्वाचा ठरला.

सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये व्रणीय बृहदांत्रशोथाचे वर्णन केले. बी. बी. क्रोन व एच. रोझेनबर्ग यांनी १९२५ मध्ये या रोगातील गुदांत्राच्या कर्करोगाची नोंद केली. दीर्घकाळ पीडित रोग्याचे बृहदांत्र केवळ खबरदारी म्हणून काढण्याचा विचार त्यामुळे पुढे आला. बी. सी. मॉर्सन व एल. एस. सी. पँग यांनी १९६७ मध्ये दाखविले की, गुदांत्राच्या ऊतकाचा लहानसा तुकडा तपासून कर्कपूर्व विकृती ओळखता येते.

दाहजन्य बदलात केंद्रके मोठी होतात व ग्रंथींच्या तळाशी कोशिकाविभाजन वाढते. तथापि पृष्ठभागाकडे येताना कोशिका परिपक्व होतात. कर्कपूर्व विकृतीत बहुधा गडद, दाटीवाटीची केंद्रके पृष्ठभागापर्यंत आढळतात. तीव्र दाहात मात्र ही सीमारेषा पुसट होते. म्हणून आर. एच. रिडेल व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ‘विकृती नाही’ आणि ‘विकृती आहे’ (सौम्य वा तीव्र) यांच्यामध्ये ‘अनिश्चित’ हा वर्ग मान्य केला.

महाराष्ट्रात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. अमीबाजन्य आमांशात आतड्यात होणारी गाठ, तसेच आतड्याचा क्षय, ही कर्करोगाचा भास निर्माण करतात. अमीबाजन्य गाठ औषधोपचाराने विरते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ऊतकात अमीबा शोधणे अगत्याचे असते. ऊतकपरीक्षेवर आधारलेल्या कर्करोगनिदानाची परंपरा मुंबईत वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात रुजविली.

पी-५३ या प्रथिनाची रंजनपरीक्षा आता साहाय्यक ठरते. परंतु ती एकटी निर्णायक नाही. अनिश्चित निदान झाल्यास प्रथम दाह शमवून पुन्हा ऊतक तपासणे व कर्कपूर्व विकृतीचे निदान दुसऱ्या अनुभवी विकृतिवैज्ञानिकाकडून पडताळून घेणे, हीच मान्य पद्धती आहे.