वस्तरा कोणाच्या हाती?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या मुलाला दाढी करायची वेळ आली. तो दुकानातून प्लास्टिकचे रेझर आणायला निघाला होता. मी त्याला थांबवले आणि कपाटातून अब्बांचे दाढीचे मशीन काढून दिले. पितळेचे, वरचा मुलामा उडालेले, तीन तुकड्यांत उघडणारे. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “अब्बू, इससे कटता तो नहीं?” मी म्हटले, “जितनी जल्दी करेगा, उतना कटेगा.”

त्याला शिकवता शिकवता मलाच प्रश्न पडला. आपल्याकडे माणूस स्वतःची दाढी स्वतः कधीपासून करू लागला? त्याआधी ती कोण करत होते? आणि त्याहून महत्त्वाचे, कोणाची करत नव्हते? साध्या वाटणाऱ्या या प्रश्नात आपल्या समाजाचा बराच इतिहास दडलेला आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून आधी शब्दांकडे बघू. ‘हजामत’ हा मराठीत रुळलेला शब्द मुळात अरबी आहे. अरबीत ‘हिजामा’ म्हणजे तुंबडी लावून शरीरातले रक्त काढणे आणि ‘हज्जाम’ म्हणजे ते काम करणारा. आपल्याकडचे न्हावीही तुंबड्या लावत, गळू फोडत, नखे काढत. काम एकच माणूस करत असल्याने शब्द हळूहळू दाढीकडे सरकला. मराठी ‘वस्तरा’ हा फारसी ‘उस्तरा’चा भाऊ. जुन्या मराठी घरांत ‘श्मश्रू करणे’ म्हणत, तो शब्द संस्कृत. आता मुले ‘शेव्हिंग’ म्हणतात. एका कामासाठी चार भाषांनी मराठीला शब्द दिले.

पण भाषेने मान दिला नाही. ‘बिनपाण्याने हजामत’ हा वाक्प्रचार अपमानासाठी. ‘न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघणार’ ही म्हण तुच्छतेसाठी. आणि हे अशा समाजात, ज्याने संत सेना न्हावी यांना वारकरी संतांच्या मांदियाळीत बसवले. प्रतापगडावर 1659 साली शिवाजी महाराजांवरचा वार अडवणारा जिवा महाला आणि 1660 साली पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेला शिवा काशिद, हे दोघेही न्हावी समाजाचेच म्हणून ओळखले जातात.

आम्हा मुसलमानांचे तरी काय वेगळे होते? हदीसमध्ये अबू तैबा नावाच्या हज्जामाचा उल्लेख येतो. तो गुलाम होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्याकडून हिजामा करवून घेतला, त्याला मोबदला दिला आणि त्याच्या मालकांना सांगून त्याच्यावर लादलेला वसूल कमी करवला. ही शिकवण आमच्यापुढे होती. उर्दूत न्हाव्याला ‘खलीफा’ म्हणायची रीतही होती. माझ्या लहानपणी आमच्या घरी येणाऱ्या म्हातारबांना सगळे खलीफाच म्हणत. (आमच्या विदर्भात हिंदू शेजारी न्हाव्याला ‘म्हाली’ म्हणत.) अकीक्याच्या दिवशी बाळाचे पहिले केस तेच काढत आणि त्या केसांच्या वजनाइतकी चांदी सदका दिली जाई. खतनाही त्यांच्याच हातची. ईदच्या आदल्या दिवशी ते धोकटी घेऊन येत आणि ओसरीवर रांग लागे. पण दस्तरखान मांडला की खलीफांचे ताट ओसरीवरच जाई. नाव खलीफा आणि जागा उंबऱ्याबाहेर! हे मला तेव्हा खटकले नाही, याची आज लाज वाटते.

जुन्या गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर घरोघरच्या दाढ्या करायच्या आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा घ्यायचा. म्हणजे त्याच्या वस्तऱ्यावर त्याचा स्वतःचा अधिकार नव्हता. कोणाची दाढी करायची आणि कोणाची नाही, हे गाव ठरवी. दलितांची करायची नाही, हे ठरलेले असे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत हे नोंदवले आहे. साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते. पण महाराच्या मुलाच्या केसांना कोणी हात लावत नसे. त्यांची थोरली बहीणच भावंडांचे केस कापायची आणि सरावाने त्यात तरबेज झाली होती.

दुसरा प्रसंग गांधीजींच्या आत्मकथेतला. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला तुच्छतेने नकार दिला. गांधीजींनी केस कापायचे यंत्र विकत घेतले आणि आरशासमोर स्वतःच केस कापले. मागची बाजू बिघडली. कोर्टात मित्र हसले, उंदरांनी कुरतडले का म्हणून विचारू लागले. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. गांधीजींनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. काळ्या माणसाचे केस कापले तर त्याचे गोरे गिऱ्हाईक तुटले असते. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांचे केस कापू देतो का, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. हेच गांधीजी पुढे आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला येऊन राहिले.

या इतिहासाला एक उजळ बाजूही आहे. विधवा झालेल्या ब्राह्मण स्त्रीचे केशवपन करण्याची रूढी होती, आणि वस्तरा चालवायचे काम न्हाव्याच्याच गळ्यात पडे. 1890 साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरवले की हे काम यापुढे आपण करायचे नाही. यामागे सत्यशोधक चळवळीचे आणि कामगार चळवळीचे नेते नारायण मेघाजी लोखंडे होते. ज्यांना शास्त्र वाचायचा अधिकार नव्हता, त्यांनी शास्त्राच्या नावाने चाललेला जुलूम नाकारला. वस्तरा खाली ठेवणे हेही धाडस असते, हे त्यांनी दाखवले.

आता त्या दुधारी मशीनकडे येऊ. उघडा वस्तरा स्वतःच्या गळ्यावर चालवणे अवघड, म्हणून जगभर माणूस दुसऱ्याच्या हातावर अवलंबून होता. अठराव्या शतकात पॅरिसमधला चाकू-सुऱ्या बनवणारा कारागीर झां-झाक पेरे याने सुताराच्या रंध्यासारखी लाकडी आड लावलेला वस्तरा तयार केला आणि 1769 साली पुस्तकही लिहिले. त्याचा विषयच होता, स्वतःची दाढी स्वतः करायला शिकणे. पुढे 1880 साली अमेरिकेत काम्फे बंधूंनी जाळीदार आड असलेल्या रेझरचे पेटंट घेतले. पण त्याचे पाते पुन्हा पुन्हा धार लावूनच वापरावे लागे.

ती अडचण किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याने सोडवली. पातळ पोलादाचे, दोन्ही बाजूंना धार असलेले, बोथट झाले की फेकून द्यायचे पाते ही त्याची कल्पना. इतके पातळ पोलाद कडक करायची युक्ती विल्यम निकरसन या अभियंत्याने शोधली. 1903 साली विक्री सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी खपली 51 मशीन आणि 168 पाती. पुढच्याच वर्षी 90 हजारांवर मशीन विकली गेली आणि पेटंटही मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना ही मशीन सरकारनेच दिली. खंदकातून परतलेले लाखो तरुण रोज स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन घरी गेले.

आपल्याकडे आधी परदेशी ब्लेड आली, स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले. टोपाझ, भारत, पनामा, सेव्हन ओ’क्लॉक, ठाण्याचे सुपरमॅक्स ही नावे माझ्या वयाच्या वाचकांना आठवतील. साध्या पोलादाचे ब्लेड दोन दिवसांत गंजायचे. 1960 नंतर स्टेनलेस स्टीलची ब्लेड आली आणि ती कटकट गेली. किराणा दुकानात एक ब्लेड सुटे मिळे. दाढी झाली की त्याच ब्लेडने मुले पेन्सिलीला टोक काढत आणि दर्जी शिवण उसवत.

या काडेपेटीएवढ्या वस्तूने काय केले? ज्याला गावचा न्हावी शिवत नव्हता, त्यालाही आपला चेहरा आपल्या हाताने नीट करता येऊ लागला. अर्थात मशीनने जात गेली नाही. त्यासाठी कायदा लागला. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात ‘दुकान’ या शब्दाच्या व्याख्येत केस कापायचे सलून मुद्दाम घातलेले आहे. सत्तर वर्षे झाली, तरी खुर्ची नाकारल्याच्या बातम्या देशात कुठून ना कुठून येतच असतात.

आणि न्हाव्याचे काय झाले? बलुते बुडाले, तो शहरात आला, आरसा आणि खुर्ची मांडून बसला. रोजची दाढी त्याच्या हातून गेली, पण गावाची बांधिलकीही गेली. गंमत म्हणजे ज्या ब्लेडने त्याचे काम काढून घेतले, तेच पुढे त्याच्या मदतीला आले. एड्सची भीती पसरली तेव्हा लोक एकच वस्तरा सगळ्यांना चालवू देईनात. मग न्हाव्यांनी दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा घेतला. आज आठवडी बाजारातल्या झाडाखालच्या खुर्चीवरही गिऱ्हाईक म्हणतो, “नवीन ब्लेड लावा.”

आता मुलाला जे सांगितले ते थोडक्यात सांगतो. दाढी ठेवणाऱ्यांनीही वाचावे, कारण खत काढायला आणि मानेवरचे केस साफ करायला रेझर लागतेच.

मशीन घेताना ते धातूचे आणि थोडे वजनदार घ्यावे. ब्लेड बसवून समोरून पाहावे. दोन्ही बाजूंना धार सारखीच डोकावली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसली तर ते मशीन कापणार. खालची पट्टी सरळ असलेले मशीन नवख्यासाठी सौम्य. कंगव्यासारखे दाते असलेले, आठवड्यातून एकदा दाढी करणाऱ्याच्या वाढलेल्या केसांना बरे. मग वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी ब्लेड आणून पाहावीत. एकाला मानवते ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

दाढीआधी कोमट पाण्याने चेहरा भिजवावा आणि ब्रशने साबणाचा दाट फेस करावा. मशीनचे डोके गालाला टेकवून दांडी हळूहळू खाली आणावी. धार केसाला लागली की तोच कोन, साधारण 30 अंशांचा. दाबायचे अजिबात नाही, मशीनचे वजनच काम करते. मशीन आडवे सरकवू नये. जखमा त्यानेच होतात. आधी केसांच्या दिशेने फिरवावे. राहिले तर पुन्हा फेस लावून आडव्या दिशेने. उलट फिरवायची घाई करू नये. शेवटी गार पाणी आणि ओल्या तुरटीचा खडा. चार-पाच दाढ्यांनंतर, किंवा केस ओढल्यासारखे वाटले की, ब्लेड बदलावे.

जुने ब्लेड कचऱ्यात उघडे टाकू नये, हे मी त्याला दोनदा सांगितले. आपल्या गालाला जपणारे ते पाते दुसऱ्या दिवशी सफाई कामगाराच्या बोटात शिरते. पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडून त्यात जुनी ब्लेड साठवावीत आणि डबा भरला की तोंड बंद करून भंगारात द्यावा.

खर्चाचेही सांगायला हवे. दोन-तीन-पाच पात्यांच्या रेझरची डोकी महाग, आणि एका कंपनीचे डोके दुसऱ्याच्या दांडीला बसत नाही. दुधारी ब्लेडचे माप मात्र गेल्या कित्येक दशकांत बदललेले नाही. म्हणून यवतमाळच्या बाजारात आज घेतलेले ब्लेड माझ्या अब्बांच्या मशीनमध्ये बिनतक्रार बसले.

मुलाने पहिल्या दाढीला हनुवटीवर दोन ठिकाणी कापून घेतले. तुरटी लावताना ओरडला. मग म्हणाला, “अब इस चौक के सलून में नहीं जाऊंगा.” मी म्हटले, “केस कापायला जायचंच. आणि ते तुझ्या अब्बांच्या वयाचे आहेत, आत गेल्यावर आधी सलाम करायचा.” या बकरी ईदला त्या सलूनवाल्या भाईंना घरी जेवायला बोलावले. ते आले, दस्तरखानावर माझ्या शेजारी बसले. आमच्या घरात हे व्हायला तीन पिढ्या लागल्या.