भिंतीबाहेरच्या तासाची कुळकथा

शाळेची सहल आपल्या चांगल्या ओळखीची आहे. डिसेंबरात एसटी ठरते, पालकांची संमतीपत्रं गोळा होतात, मुलं एखादा किल्ला किंवा लेणी पाहून रात्री उशिरा घरी येतात. सहल हवीच. पण गणिताचा, भूगोलाचा, मराठीचा नेहमीचा तास बाईंनी किंवा गुरुजींनी वर्गाबाहेर नेऊन घ्यावा, ही वेगळी गोष्ट आहे. सहल वर्षातून एकदा येते आणि पाठ्यपुस्तकाशी तिचं नातं असतंच असं नाही. भिंतीबाहेरचा तास वेळापत्रकातला असतो. त्यात शिकवायचा घटक ठरलेला असतो आणि परत आल्यावर वहीत काहीतरी उतरतं. या तासाला दोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्याची एक मोलाची शाखा आपल्या डहाणू तालुक्यात वाढली.

या कुळाची सुरुवात पुस्तकांत झाली. मोराव्हियात 1592 साली जन्मलेल्या कोमेनियसने मुलाला आधी वस्तू दाखवा, मग शब्द द्या, असा आग्रह धरला आणि शाळेला लागून बाग असावी असंही सांगितलं. वस्तू समोर नसेल तर निदान तिचं चित्र असावं, म्हणून 1658 साली त्याने मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं. पुढे 1762 साली रूसोचं ‘एमिल’ आलं. त्यातला एमिल हा कल्पनेतला मुलगा. सूर्य आणि दिशा शिकून काय उपयोग, असं तो विचारतो. दुसऱ्या दिवशी गुरू त्याला मोंमोरन्सीच्या जंगलाकडे फिरायला नेतो. दोघं वाट चुकतात, मुलगा भुकेने रडकुंडीला येतो. मग भर दुपारी सावली उत्तरेकडे पडते हे आठवून, त्यावरून गावाची दिशा तोच काढतो. पण एमिलला एकटा गुरू होता. तीस-चाळीस मुलांच्या शाळेचा प्रश्न रूसोने हाती घेतलाच नव्हता.

तो घेतला पेस्टालॉझीने. स्वित्झर्लंडमधल्या इव्हर्दँच्या किल्ल्यात 1805 पासून वीस वर्षं त्याची शाळा चालली. तिथे लहानपणी शिकलेल्या लुई व्हुलिएमँ या इतिहासकाराने भूगोलाच्या तासाची आठवण लिहून ठेवली आहे. मुलांना आधी गावाबाहेरच्या ब्युरॉन ओढ्याच्या अरुंद दरीत नेत. ती पूर्ण बघून झाली की दरीच्या कडेची माती टोपल्यांत भरून आणायची आणि किल्ल्यात परतल्यावर टेबलावर त्या दरीचा उठाव तयार करायचा. पुढच्या फेरीत थोडं वर चढायचं, आणखी मुलूख नजरेत घ्यायचा आणि उठावात तेवढी भर घालायची. नकाशा मुलांपुढे आला तो हे काम पूर्ण झाल्यावर. तोवर नकाशातली प्रत्येक रेघ त्यांच्या पायांखालून गेलेली होती.

भिंतीबाहेरच्या तासाची पूर्ण पद्धत इथे पहिल्यांदा दिसते. जागा शाळेपासून चालत जाण्याइतकी जवळ. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणं. तिथून काहीतरी आणणं आणि वर्गात बसून त्याला आकार देणं. आधुनिक भूगोलाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेला कार्ल रिटर इव्हर्दँला येऊन गेला होता. पेस्टालॉझीला स्वतःला भूगोल फारसा येत नव्हता हे मान्य करूनही, आपल्या भूगोलाच्या दृष्टीचं श्रेय रिटरने त्यालाच दिलं. इव्हर्दँला दोन वर्षं राहिलेल्या फ्रोबेलने पुढे जर्मनीत ब्लांकेनबुर्गला बालोद्यान सुरू केलं. तिथे प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा होता आणि सगळ्यांचे मिळून सामाईक वाफेही होते.

विसाव्या शतकात हा तास एका वेगळ्याच दाराने शाळेत आला. ते दार क्षयरोगाचं होतं. बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग शहरात 1904 च्या ऑगस्टमध्ये पाइनच्या रानात एक शाळा उघडली. बालरोगतज्ज्ञ बेंडिक्स आणि शिक्षणाधिकारी नॉयफर्ट यांनी अशक्त, क्षयाचा धोका असलेल्या गरीब मुलांसाठी ती काढली होती. मुलं सकाळी येत आणि संध्याकाळी घरी जात. एकेक तास अर्ध्या तासाचा, दिवसाचं एकूण शिकवणं दोन-अडीच तासांचं. बाकीचा वेळ भरपेट जेवण, दुपारची झोप, बागकाम आणि खेळ यांत जाई. मुलांची वजनं वाढली. शिकवण्याचा वेळ इतका कमी असूनही नेहमीच्या शाळेत परतल्यावर ती मागे पडली नाहीत, असं शिक्षकांनी नोंदवलं. मग 1907 साली लंडनला आणि 1908 साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सला अशा शाळा निघाल्या आणि पुढच्या तीस वर्षांत त्या अनेक देशांत पसरल्या. अॅमस्टरडॅममध्ये वास्तुरचनाकार दाऊकरने 1930 साली काचेच्या भिंती आणि मोकळ्या गच्च्या असलेली शाळा बांधली, ती आजही शाळाच आहे.

पण 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, घरं सुधारली, क्षयाची भीती ओसरली आणि यातल्या बहुतेक शाळा बंद झाल्या. अर्ध्या वेळात तितकाच अभ्यास झाला, हा त्यांच्याच नोंदवहीतला निष्कर्ष कोणी पुढे नेला नाही. औषध म्हणून आलेली गोष्ट आजार हटल्यावर निघून गेली. या कुळकथेतला हा मोठा धडा आहे: शिकण्यासाठी म्हणून जे बाहेर नेलं नाही, ते फार काळ बाहेर टिकलं नाही.

शांतिनिकेतनची वाट निराळी होती. रवींद्रनाथांना लहानपणी कोलकात्याच्या शाळांचा कोंडमारा सोसवला नव्हता. त्यांनी 1901 च्या डिसेंबरात पाच मुलांना घेऊन बोलपूरजवळ शाळा सुरू केली. मूल आपलं आसन घेऊन येतं, झाडाखाली अंथरतं आणि तास झाला की पुढच्या झाडाकडे जातं. ऋतू हा तिथे अभ्यासाचाच भाग होता. वृक्षारोपणाचा उत्सव 1928 पासून सुरू झाला. काकासाहेब कालेलकर काही काळ तिथे शिकवत होते आणि 1915 साली गांधीजींशी त्यांची भेट तिथेच झाली.

त्याच काळात मुंबईत आणखी एक माणूस आला. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस 1919 पासून 1924 पर्यंत मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. एडिंबरोत 1892 साली त्यांनी एक मनोरा ताब्यात घेतला होता. पाहुण्याला ते आधी गच्चीवर नेत आणि शहर व भोवतालचा मुलूख दाखवत. मग एकेक मजला उतरत शहर, स्कॉटलंड, इंग्रजी बोलणारे देश, युरोप आणि तळाला जग. जवळून लांब जाण्याचा हाच क्रम आपल्या प्राथमिक शाळेतही आहे: आधी जिल्हा, मग राज्य, मग देश. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तकं जिल्हावार वेगळी काढली ती याच विचाराने. फरक एवढाच की गेडिस आधी गच्चीवर नेत आणि आपण आधी पुस्तक उघडतो.

वर्ध्याला 1937 च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमचा आराखडा झाकिर हुसेन समितीकडे गेला. समितीने शिक्षणाचे तीन आधार मानले: हस्तव्यवसाय, निसर्ग आणि समाज. सूत काततानाच गणित, शेतातच विज्ञान, स्वयंपाकघरातच आहारशास्त्र. या पद्धतीला ‘समवाय’ म्हणत. सेवाग्रामला हे काम उभं करणारे आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून आलेलं होतं, म्हणजे नातं सरळ आहे. मात्र बंगालमध्ये निसर्ग हा आनंदाचा सोबती होता, सेवाग्रामात तो कामाचा जोडीदार झाला. स्वातंत्र्यानंतर सरकारी शाळांनी यातली टकळी उचलली आणि समवाय सोडून दिला. कातण्याचा तास वेगळा, गणिताचा वेगळा, अशी वाटणी झाली आणि योजना कोमेजली.

आता डहाणू तालुक्याकडे येऊ. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम करून महाराष्ट्रात आल्या. माँटेसरी पद्धत खेड्यातल्या गरीब मुलांपर्यंत न्यायची, या निश्चयाने त्यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची परदेशी साधनं परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या, दगड यांची साधनं झाली. दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरू लागली. त्या अंगणवाडीचं नाव पुढे 1975 साली केंद्र सरकारच्या बालविकास योजनेने देशभर नेलं.

दोघी 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली पाड्यांजवळ. तिथे अडचण वेगळी होती. मोठी मुलं सकाळीच गुरं घेऊन रानात जात आणि मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. शाळेची वेळ आणि घरच्या कामाची वेळ एकच. मुलांनी शाळेच्या वेळेशी जुळवून घ्यावं, असं ताराबाई-अनुताईंनी म्हटलं नाही. धाकट्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. तरीही जी मुलं गुरांमागे जातच राहिली, त्यांच्यामागे शिक्षक कुरणात गेले. गुरं चरत असताना तिथेच वाचन, गणित आणि निसर्गाची ओळख चाले. ही कुरणशाळा.

कुरणशाळेचं मोठेपण मला तिच्या क्रमात दिसतं. रूसोने मुलाला शिकवण्यासाठी रानात नेलं, शार्लोटेनबुर्गने बरं करण्यासाठी नेलं. कोसबाडची मुलं रानातच होती. रानातली झाडं, पाखरं, वाटा आणि गुरांच्या सवयी त्यांना शिक्षकांपेक्षा अधिक ठाऊक होत्या. शिक्षकाने तिथे जाऊन त्या ज्ञानाला अक्षर आणि अंक जोडायचे होते. मुलाला जे येतं तिथून शिकवणं सुरू करायचं, हे तत्त्व प्रत्येक डीएडच्या पुस्तकात असतं. कुरणशाळेने ते चालून दाखवलं.

पुढची कडी मध्य प्रदेशातली. होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 उच्च प्राथमिक शाळांत 1972 साली एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी शाळांमधून तो तीस वर्षं चालला. त्यात परिभ्रमण, म्हणजे बाहेर फिरून पाहणं, हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. मुलं शेताकडे, नाल्याकडे जात, पानं गोळा करत आणि पानांच्या शिरांवरून, काठांवरून त्यांचे गट स्वतः पाडत. गट का पाडला हे सांगता आलं पाहिजे, एवढीच अट. सरकारने 2002 साली हा कार्यक्रम बंद केला. पण साध्या सरकारी शाळेत, साध्या शिक्षकांकडून हे होऊ शकतं, याचा पुरावा त्याने मागे ठेवला.

आज हा तास सर्वांत नियमितपणे दिसतो तो नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये. तिथल्या बऱ्याच शाळा आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एक दिवस जवळच्या रानात, बागेत, संग्रहालयात किंवा शहरातच भरतात आणि त्या दिवशी ठरलेलेच विषय शिकवतात. कोपनहेगनच्या रोडकिल्डे शाळेत 2000 पासून तीन वर्षं एक वर्ग दर आठवड्याला एक दिवस रानात भरला. त्या दिवशी मुलांची हालचाल वर्गातल्या दिवसापेक्षा पुष्कळ जास्त होते, असं तिथल्या अभ्यासात दिसलं.

आपल्याकडे कागद कमी नाहीत. एनसीईआरटीच्या 1975 च्या आराखड्याने प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास दिला. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुचवले आणि 2024 साली महाराष्ट्रात ‘आनंददायी शनिवार’ आला. या सगळ्यांचं स्वागतच आहे. पण पर्यावरण विषय झाला, त्याचं पुस्तक झालं, मग गुण आले आणि मुलं पुन्हा बाकावर बसून झाडाच्या भागांना नावं देऊ लागली. दप्तराविना दिवस वेगळा पडतो आणि उरलेले दिवस होते तसेच राहतात. सेवाग्रामच्या टकळीचं जे झालं, तेच पुन्हा होण्याचा धोका आहे.

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. पट साठचा असतो, मुलांची जबाबदारी असते, पावसाळा असतो, अभ्यासक्रम मार्चपूर्वी संपवायचा असतो. म्हणूनच या कुळातल्या टिकाऊ प्रयोगांनी लांब जाण्याचा हट्ट धरला नाही. ब्युरॉनचा ओढा गावाला लागून होता आणि कुरण पाड्याला लागून. आपल्या शाळेला मैदान असतं, निदान फाटकाबाहेर एक झाड असतं. सातवी-आठवीला गुणोत्तर शिकवायचं असेल तर मीटरभर काठी उन्हात उभी करा. तिची सावली 60 सेंटिमीटर आणि झाडाची 7.2 मीटर भरली, तर झाड 12 मीटर उंच. हे गणित चाळीस मिनिटांत होतं आणि अभ्यासक्रमातला घटकही त्यात पूर्ण होतो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा कुंपणालगत टाकळा उगवतो. त्याच्या कोवळ्या रोपाशेजारी गवताचं रोप धरलं की द्विदल आणि एकदल समोरच उभे राहतात. तोच कोपरा ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत पुन्हा पाहिला तर वर्षभराची नोंदवही तयार होते.

माझं शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना एकच सांगणं आहे. नवा विषय नको, नवा उपक्रम नको, फोटोंचा अहवालही नको. येत्या आठवड्याच्या पाठ टाचणात, जो घटक शिकवायचाच आहे त्यातल्या एका तासापुढे ‘मैदान’ असं लिहा. परत आल्यावर दहा मिनिटं मुलांना लिहू द्या. आणि पुढच्या आठवड्यात त्याच वाराला, त्याच जागी पुन्हा जा.